दादाचा डावा डोळा

सेनगावात बसस्टँडपासून थोडं आत माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं ते जुन्या सवयीनं. फोटो काढून घ्यायला आता तिथं फारसं कुणी येत नाही, कारण माझ्या पहिल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा ज्याच्या-त्याच्या खिशात आहे. लोक येतात ते पासपोर्ट साइजसाठी, वाढदिवसाच्या बॅनरसाठी आणि गेलेल्या माणसाचा फोटो करून घ्यायला. हे शेवटचं काम अलीकडं फार वाढलंय. आधी डाग पडलेला जुना फोटो साफ करायला माझा अर्धा दिवस जायचा. एकेक भेग माउसनं भरायची, केस ओढायचे, कॉलर दुसऱ्याच्या फोटोतून आणून बसवायची. मग एआय आलं. फोटो टाकायचा, काय पाहिजे ते लिहायचं, की समोरून चहा येईपर्यंत माणूस तयार. पाहिजे तर तो कोट घालतो, पाहिजे तर मान हलवून हसतो, हात जोडतो. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच विचारतं, "एआयवालं करून भेटंल का?"

त्या दिवशी सकाळी असंच एक काम चाललं होतं. जवळच्या गावातले दोघं भाऊ त्यांच्या आजोबांचा आधारकार्डावरचा फोटो घेऊन आले होते. आजोबांना हसवायचं होतं. ते समोर बाकावर बसले होते आणि मी तीन-चार प्रकारचं हसू करून दाखवत होतो. तेवढ्यात गावाकडून चुलतभावाचा फोन आला.

"दादा गिरणीत पडला," तो म्हणाला. "ये."

"कसा हाय?"

त्याच्यामागं बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, त्यावरून मला कळलं.

मी फोन ठेवला. त्या दोघांना विचारलं, दुसरं हसू ठेवायचं की तिसरं. ते म्हणाले, तिसरं. मी व्हिडिओ पूर्ण केला, त्यांच्या नंबरवर पाठवला, आलाय का ते बघायला लावलं. मग शटर ओढलं आणि आमच्या गावाकडं, साखऱ्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. शेजारच्या बाईच्या मांडीवर पालकाची जुडी होती. तिच्या मुळाची माती माझ्या पँटला लागत होती आणि मी वाटभर ती झटकत होतो. एवढंच आठवतं.

दादा माझ्याहून बराच मोठा. साखऱ्यात त्याची पिठाची गिरणी होती आणि थोडं कोरडवाहू रान. मी जन्मायच्या आधी, तो लहान असताना, माय त्याला तूर काढलेल्या रानात घेऊन गेली होती. तिथं पळता पळता तो पडला आणि तुरीचा खुंट डाव्या डोळ्याला लागला. डोळा राहिला, पण त्यात फूल पडलं. आमच्याकडं असंच म्हणतात. बुबुळावर पांढरा डाग उमटतो आणि त्या डोळ्याला दिसत नाही. मी त्याला पाहिला तो तसाच. त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

फक्त फोटोचं त्याला जमायचं नाही. गावातल्या लग्नांचे, नामकरणाचे, विहाराच्या कार्यक्रमांचे सगळे फोटो मीच काढायचो. कॅमेरा वर झाला की दादा मान फिरवायचा, किंवा कुणाच्या तरी खांद्याआड व्हायचा. मी कधी म्हणालो नाही की इकडं बघ. त्याला नको तर नको. माझ्या हार्डडिस्कमध्ये अख्खं गाव समोरून आहे. दादा तेवढा बाजूनं.

एकदाच तो कॅमेऱ्यासमोर सरळ उभा राहिला होता. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन असतं, त्यावर त्याचा अंगठा उठेना. गिरणीच्या कामानं रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. मग कुणीतरी सांगितलं की मोबाइलवर ॲप आहे, त्यात चेहरा दाखवला तरी चालतं. दादा माझ्या दुकानात आला, अंगावर पीठ तसंच. मी फोन त्याच्यासमोर धरला. ॲपमधली बाई म्हणाली, डोळ्यांची उघडझाप करा.

"मिचकव," मी म्हणालो.

"मिचकवूनच राहिलो ना."

चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा, असं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दादा कंटाळून म्हणाला, "ह्याला दोन डोळे पाह्यजेत. माह्याजवळ दीडच हाय." आणि आपल्याच बोलण्यावर हसला. शेवटी मी त्याला बाहेर पायरीवर उन्हात उभं केलं. तिथं घेतलं त्यानं. हिरवी खूण आली. "पाह्यलं का," दादा म्हणाला, "ऊन पाहून वळखलं मला." तो चेहरा त्या ॲपनं कुठं नेऊन ठेवला ते मला माहीत नाही. माझ्या फोनमध्ये तो राहिला नाही.

गावात पोचलो तेव्हा दादाला ओसरीत निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेला होता. हृदय बंद पडलं, एवढंच सांगून गेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. माय दादाच्या पायाशी होती. तिचे हात त्याच्या पावलांवरून फिरत होते, पीठ पुसल्यासारखे. मला बघून बाया मोठ्यानं रडायला लागल्या, आता हाही रडेल म्हणून. मला रडू आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग ओठ आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच्या ओठाला लावल्यासारखं वाटतं, तसं आतून झालं होतं. मी मंडप सांगितला, पुतण्याला पुण्याला फोन केला, पाहुण्यांना कळवलं. स्मशानात त्रिसरण-पंचशील चाललं होतं तेव्हा माझ्या मनात आलं की सगळी माणसं लिंबाच्या सावलीत उभी आहेत, चेहरे काळे येतील. मी तिथं कॅमेरा नेलाच नव्हता.

काही दिवसांवर दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याला फोटो लागणार होता. ते काम कुणी मला सांगितलं नाही. ते माझंच होतं. मी सेनगावला आलो, शटर अर्धं उघडून आत बसलो आणि सगळ्या हार्डडिस्क चाळल्या. एका लग्नातला फोटो त्यातल्या त्यात बरा होता. दादा पंगतीत वाढायला उभा, हातात बुंदीचं ताट, चेहरा उजवीकडून, डोळा एकच दिसतोय. तेवढा भाग कापला आणि सॉफ्टवेअरमध्ये टाकला. लिहिलं : चेहरा समोर करा, पांढरा सदरा, मागं फिकट निळा रंग.

त्यानं केला. दादा समोर बघत होता. पहिल्यांदाच. नाक बराबर, ओठांची ठेवण बराबर, कपाळावरची आडवी रेघसुद्धा. आणि दोन डोळे. उजव्या डोळ्यावरूनच त्यानं डावा तयार केला होता, स्वच्छ, काळाभोर, आत उजेडाचा बारीक ठिपका.

मी लिहिलं : डाव्या डोळ्यात पांढरं फूल ठेवा.

त्यानं सदऱ्याच्या खिशाला पांढरं फूल लावून दिलं. मोगऱ्यासारखं काहीतरी.

मी पुन्हा लिहिलं : फूल डोळ्यात पाहिजे. मग त्यानं दादाच्या डाव्या डोळ्यावर अख्खं फूल ठेवलं, पाकळ्यांसहित, आणि खाली दादा तसाच शांत. मी वेगळ्या शब्दांत सांगून बघितलं : डाग, पांढरट बुबुळ, जुनी जखम. एकदा त्यानं काळा चष्मा घातला. एकदा दोन्ही डोळे पांढरे केले. दादा असता तर पोट धरून हसला असता, गिरणीवर येईल त्याला सांगत बसला असता. मी नुसता बघत होतो. हातानं करता आलं असतं. वीस वर्षं मी हातानंच करत आलोय. पण माउसवर हात ठेवून बसलो तर फूल नेमकं कुठं होतं तेच मला आठवेना. वर की खाली? नाकाकडं की कानाकडं? मी पहिलं चित्र घेतलं, मोठं केलं, प्रिंट काढली, फ्रेम बसवली.

कार्यक्रमाच्या सकाळी फ्रेम घेऊन घरी गेलो. पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बुद्धमूर्ती होती. तिच्या शेजारी फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. माणसं जवळ येऊन बघायला लागली. "लई झकास झाला," कुणीतरी म्हणालं. "जवान दिसून राहिला." मायला धरून आणलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिला लांबचं नीट दिसत नाही. तिनं तोंड काचेला लावायच्या बेतानं जवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग दादाच्या डाव्या डोळ्यावर अंगठा ठेवला.

"डोळा बरा झाला की माह्या लेकराचा," ती म्हणाली.

बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केली. वहिनी मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, दुःखानं.

माणसं जेवून गेली. मी टेबल आवरत होतो. वहिनी आली आणि फोटोसमोर उभी राहिली.

"भाऊजी, हे कोन हाय?"

"कोन म्हंजे? दादा हाय."

"न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "ह्या मानसाला म्या कधी जेवान वाढलं न्हाई."

मी सांगितलं की मशीन तसंच करतं, त्याला डाग चुकीचा वाटतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "डाग काहून म्हनता? डोळा होता त्यो त्यांचा."

पुतण्या तिथंच होता. तो पुण्यात मोबाइलच्या गोदामात काम करतो. त्याला वाटलं आईचं मन दुसरीकडं न्यावं. फोन पुढं करून म्हणाला, "मम्मी, हे पाह्य. म्या काल बनवलं." मी त्याच्या फोनवर आधी पाठवलेला दादाचा फोटोच त्यानं एका ॲपमध्ये टाकला होता. दादाचे व्हॉट्सॲपवरचे जुने बोललेले निरोप होते त्याच्याकडं, त्यावरून आवाज केला होता. फोनमध्ये दादा हलला. पापण्या मिटल्या, उघडल्या, हात जोडले. म्हणाला, "सर्वांना माझा नमस्कार. मी जिथे आहे तिथे सुखात आहे. माझ्या कुटुंबाची काळजी घ्या."

आवाज दादाचा होता. घोगरा, थोडा नाकातून. पण भाषा बातम्यांमधली.

वहिनीनं फोन घेतला आणि पालथा ठेवला.

"मम्मी, पप्पा बोलून राहिले ना."

"तुहा बाप काळजी घ्या असं कवा म्हनला?" ती म्हणाली. "आन जिथे-तिथे कवा म्हनला? बंद कर ते. गुरूपवर टाकू नको."

"टाकलं," पुतण्या म्हणाला आणि रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, दाढी आलेला, दाराच्या चौकटीला कपाळ टेकून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला.

नंतर काही आठवडे मी दुकान नेहमीसारखं चालवलं. गिऱ्हाइकं येत होती. कुणाची आई, कुणाचा सासरा. मी त्यांना समोर वळवत होतो, दात बसवत होतो, हसवत होतो. हात आपोआप चालायचे. जेवण केलं की नाही ते बायकोनं विचारल्यावर आठवायला लागायचं.

एका दुपारी वहिनी जीपनं आली. एकटीच. दुकानात ती याआधी कधी आली नव्हती. बाकावर बसली, पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं.

"फोटो नीट करून द्या," म्हणाली.

"वहिनी, मला फूल कुठं होतं ते आठवून नाही राहिलं."

"म्या हाय ना."

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली, स्क्रीन तिच्याकडं वळवली. एआय बंद ठेवलं. जुन्या पद्धतीनं बारीक ब्रश घेतला आणि दादाच्या डाव्या डोळ्यावर पांढरा रंग टेकवला.

"एवढं पांढरं न्हाई," वहिनी म्हणाली. "दुधावानी न्हाई. ताकावानी."

मी रंग फिका केला.

"खाली आलं. वर घ्या. नाकाच्या अंगाला. हां. तितून खाली एक शेपूट होतं बारीक, केसावानी."

मी शेपूट काढलं.

"पापनी जरा पडलेली पाह्यजे. लई न्हाई, झोप आल्यावानी न्हाई. उनात चालून आल्यावर राहते तशी."

असं चाललं होतं. मधून एक जण झेरॉक्सचं विचारायला आला, त्याला मी हातानंच नाही म्हटलं. वहिनी स्क्रीनकडं बघत बोलत होती, माझ्याशी की कुणाशी ते कळत नव्हतं. म्हणाली, "मला पाह्यला आले तवा मुद्दाम ह्याच बाजूनं बसले. आमच्या मामानं म्हनलं, पाव्हनं, इकडं तोंड करून बसा. तर हे म्हनले, न्हाई, ही बाजू तिला आधी दिसू द्या. मंग भांडन नको."

मला हे माहीत नव्हतं. माझा ब्रश थांबला.

"काहून थांबले?"

"काही नाही."

"भिवई राह्यली," ती म्हणाली. "ह्या बाजूची भिवई वर करायचे. उजेडात आलं की."

मी भुवई वर केली. केसाएवढीच. आणि तिथं दादा आला. कसा ते मला सांगता येणार नाही, पण आला. पंगतीत बुंदी वाढणारा, पीठ लागलेला, स्वतःच्याच बोलण्यावर हसणारा. मी वाट बघत होतो की आता छातीत काहीतरी हलेल. वहिनीही वाट बघत असावी, माझी नाही, स्वतःची. दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. पंखा फिरत होता.

"आता बराबर हाय," ती म्हणाली.

मी प्रिंट काढली. तिनं ती ओली असल्यासारखी कडेनं धरली. पैशाचं बोलली तेव्हा मी रागावलो, तर म्हणाली, "असू द्या, फ्रेमचे तरी घ्या माह्याकडून." तेही मी घेतले नाहीत. फ्रेम मी दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेलो.

घरात पहिला फोटो भिंतीवर लागला होता. मी खुर्चीवर चढून तो काढला आणि त्याच खिळ्याला नवा लावला. मागून माय म्हणाली, "काय करून राहिला रे?"

"फोटो बदलून राहिलो. हा नीट हाय."

"त्यो इकडं दे."

"माय, त्यात डोळा चुकीचा झाला. मशीननं केला."

ती बाजेवर बसली होती. तिनं दोन्ही हात पुढं केले. मी फ्रेम दिली नाही, हातातच धरून उभा राहिलो. वहिनी चुलीपाशी होती, तीही उठून दारात आली. मला वाटलं आता दोघींचं वाजणार.

"चुकीचा कसा?" माय म्हणाली. "म्या त्याला जन्म देला तवा दोनी डोळे चांगले होते त्याचे. काळे. टुकूटुकू पाह्याचा माह्याकडं. त्ये तुमी कोनी पाह्यलं न्हाई. म्या पाह्यलं."

वहिनीनं माझ्या हातातून फ्रेम घेतली. मायजवळ गेली, फ्रेमच्या काचेवरचा माझ्या बोटाचा ठसा पदरानं पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवली. मग परत चुलीपाशी जाऊन भाकर उलटली.

आता घरात दादाचे दोन फोटो आहेत. समोरच्या भिंतीवर वहिनीचा आणि मायच्या बाजेवर, उशाशी, मायचा. पाहुणे आले की गोंधळतात. एकानं विचारलंसुद्धा, हे दोघं भाऊ का? वहिनी म्हणाली, "व्हय, तसंच समजा," आणि त्याला पाणी दिलं. पुतण्याचा व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. कुणी काढला नाही आणि कुणी बघतही नसावं.

मला अजून रडू आलेलं नाही. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. मी म्हणतो, दुखत कुठं काही नाही, काय दाखवू? एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी फोनवरच्या एआयला विचारून बघितलं की भाऊ गेल्यावर किती दिवसांनी रडू येतं. त्यानं फार सविस्तर, फार आदरानं उत्तर दिलं. आपल्या दुःखाबद्दल मला खेद वाटतो, अशी सुरुवात होती. मी अर्धं वाचलं आणि फोन चार्जिंगला लावला.

परवा एक म्हातारा आला होता. त्याच्या बायकोचा फोटो घेऊन, कुठल्याशा तीर्थावर काढलेला, दोघं उभे. तिच्या एका गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याची जुनी खूण होती. तो म्हणाला, "हिला एकलीला काढून मोठी करून द्या. एआयनं साफ करून."

मी आधी असं कुणाला विचारत नव्हतो. त्याला विचारलं, "बाबा, गालावरचं ठेवू का काढू?"

त्यानं फोटो माझ्या हातातून परत घेतला. डोळ्यांपासून लांब धरून बघितला. बराच वेळ बघत होता, जसं काही ती खूण त्याला आत्ताच दिसली.

"पोरीला इचारून सांगतो," तो म्हणाला आणि फोटो माझ्याकडंच ठेवून गेला.

मी तो पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. तोवर दारात कॉलेजच्या दोन पोरी येऊन उभ्या होत्या, पासपोर्ट साइजसाठी. मी त्यांना निळ्या पडद्यासमोर बसवलं आणि हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली.